तटस्थांची हातघाई

इंग्रजी ‘आय’ मोठा काढावा की लहान, या एका प्रश्नावर माणसं किती बोलू शकतात? सुमारे चाळीस हजार शब्द. २०१३ साली ‘स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस’ नावाचा सिनेमा यायचा होता. तो यायच्या आधीच इंग्रजी विकिपीडियावर त्याचं पान तयार झालं, आणि त्या पानामागच्या चर्चेत ‘इन्टू’चा ‘आय’ कसा लिहायचा यावरून जुंपली. लेखननियम सांगत होता की शीर्षकातले चार अक्षरांपर्यंतचे असले किरकोळ शब्द लहान अक्षराने सुरू करावेत. एक पक्ष म्हणाला, ‘इन्टू’ची अक्षरं चार, नियम स्पष्ट, विषय संपला. दुसरा म्हणाला, थांबा. ‘इन्टू डार्कनेस’ हे उपशीर्षक आहे, आणि उपशीर्षकाचा पहिला शब्द मोठ्या अक्षरानेच सुरू होतो. मग मधला अपूर्णविराम कुठे आहे? तो निर्मात्यांनी दिलेला नाही. दिलेला नाही म्हणजे नाहीच, की आहे पण दिसत नाही? इथून पुढे चर्चा वेदान्ताच्या वाटेला लागली.

चाळीस हजार शब्दांत मराठीत एक बेताची कादंबरी होते आणि तिला एखादा जिल्हा पातळीवरचा पुरस्कारही मिळून जातो. इथे फक्त एक अक्षर ठरलं. मोठा ‘आय’ जिंकला. ‘एक्सकेसीडी’ या व्यंगचित्रमालिकेने या प्रकरणावर एक चित्र काढलं. त्यातला संपादक कंटाळून सगळं शीर्षकच एक अक्षर मोठं, एक लहान असं लिहून मोकळा होतो. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं ठेवली नाहीत याबद्दल पूर्वजांचे आभार मानले पाहिजेत. ऱ्हस्व-दीर्घ ठेवून त्यांनी आपली वेगळी सोय केली आहे, ही गोष्ट निराळी.

विकिपीडियावर भांडणाऱ्या या मंडळींना कुणी पगार देत नाही. लेखाखाली नाव येत नाही, मानधन नाही, शाल-श्रीफळ नाही. १५ जानेवारी २००१ला हा ज्ञानकोश सुरू झाला तेव्हापासून कुणीही यावं आणि कुणाचंही वाक्य बदलावं, अशी मुभा आहे. मुख्य नियम मोजकेच. लिहाल त्याला विश्वासार्ह आधार द्या, स्वतःचं संशोधन घुसडू नका आणि तटस्थ राहा. पहिले दोन समजतात. घात केला तो तिसऱ्याने. कारण खरा तटस्थ माणूस रात्री दीड वाजता उठून परक्या माणसाचं वाक्य दुरुस्त करायला जात नाही. तो झोपलेला असतो. जागा असतो तो, ज्याला काहीतरी खुपलेलं आहे. म्हणजे तटस्थता राखण्याचं सगळं काम मुळातच अतटस्थ माणसांवर येऊन पडलेलं आहे.

पूर्वी हे असं नव्हतं, असं मानायचं कारण नाही. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली वाईला मराठी विश्वकोश घडला, त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. इतकी विद्वान मराठी माणसं वर्षानुवर्षं एका कामावर बसली आणि वाद झाला नाही, असं कुणी म्हणालं तर मी त्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ असा शिक्का मारीन. फरक इतकाच, की तेव्हाचे वाद खोलीत झाले आणि खोलीतच विरले. वाचकाच्या हाती आला तो भरभक्कम बांधणीचा, निर्विकार चेहऱ्याचा खंड. विकिपीडियावर मात्र प्रत्येक पानाला इतिहासाची खिडकी आहे. कोणी, कोणत्या मिनिटाला, कुणाचा स्वल्पविराम काढला आणि का काढला, याची तारीखवार नोंद तिथे असते. भांडणाचं इतकं नीटस दप्तर पेशव्यांनंतर कुणी ठेवलं नसेल.

शब्दांचा हा घोळ थेट संस्थापकांपासून सुरू होतो. विकिपीडिया जिमी वेल्स आणि लॅरी सँगर या दोघांनी सुरू केला, असं विकिपीडियावर लिहिलेलं होतं. वेल्स यांना ‘सहसंस्थापक’मधला ‘सह’ रुचत नव्हता. २००५च्या अखेरीस उघडकीला आलं, की त्यांनी स्वतःवरच्या लेखात अठरा वेळा हात घातला होता आणि त्यातले सात फेरफार सँगर सहसंस्थापक आहेत की नाहीत या मुद्द्यावर होते. आपल्यावरच्या लेखात आपण ढवळाढवळ करू नये, ही तर विकिपीडियाची बाळगुटी. वेल्स यांनी पुढे ‘करायला नको होतं’ असं मान्य केलं आणि लेखात ‘सह’ कायम राहिला. सगळ्या विकिपीडियात मला ही सर्वांत अभिमानाची गोष्ट वाटते. मालकाला स्वतःच्या दुकानात उधारी मिळाली नाही.

लेखकाला तर त्याहून कमी मिळतं. फिलिप रॉथ यांच्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीवरच्या लेखात, तिचा नायक अनातोल ब्रॉयार्ड या समीक्षकावरून सुचला अशा अर्थाचा मजकूर होता. रॉथ तेव्हा हयात होते, ठणठणीत होते आणि चिडलेले होते. त्यांचं म्हणणं, कादंबरी सुचली ती मेल्विन ट्युमिन या आपल्या प्राध्यापक मित्रावर गुदरलेल्या एका प्रसंगावरून. विकिपीडियाकडून त्यांना उत्तर मिळालं त्याचा मथितार्थ असा: आपल्या पुस्तकाबद्दल आपणच सर्वांत जाणकार, हे मान्य, तरी दुय्यम स्रोत जोडा. मग रॉथ यांनी २०१२ साली ‘न्यू यॉर्कर’च्या संकेतस्थळावर विकिपीडियाला उद्देशून लांबलचक जाहीर पत्र लिहिलं. ते प्रसिद्ध झालं, म्हणजे स्रोत झालं, आणि मग ते लेखात घेता आलं. रॉथ यांनी सांगितलं ते चालत नव्हतं. रॉथ यांनी सांगितल्याचं दुसऱ्याने छापलं ते चाललं. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि समोर उभा असलेला माणूस हा पुरावा पुरत नाही, अशा देशातल्या वाचकांना हे समजायला जड जाऊ नये.

नावांचे वाद माझ्या विशेष आवडीचे. जपान आणि कोरिया यांच्यामधल्या समुद्रात काही खडकाळ बेटं आहेत. (‘जपानचा समुद्र’ म्हणायचं मी टाळलं, कारण कोरियात त्याला पूर्व समुद्र म्हणतात.) कोरियन माणूस या खडकांना डोकडो म्हणतो, जपानी माणूस ताकेशिमा. दोन्ही देशांचा जीव त्या खडकांत अडकलेला. इंग्रजी विकिपीडियावर लेखाचं नाव काय? ‘लियांकूर रॉक्स’. १८४९ साली लियांकूर नावाचं एक फ्रेंच जहाज देवमाशांच्या मागे तिकडे भटकलं आणि या खडकांवर आदळता आदळता वाचलं, त्यावरून पडलेलं हे नाव. तटस्थ नाव कोणतं, तर भांडणाऱ्या दोघांपैकी एकाच्याही तोंडी जे नसतं ते. भांडण कोरियन-जपानी, तोडगा फ्रेंच, भाषा इंग्रजी. देवमाशांचं मत कुणी विचारलेलं नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये त्याहून देखणी तडजोड आहे. तिथल्या एका शहराला आयरिश राष्ट्रवादी डेरी म्हणतात आणि ब्रिटनशी निष्ठावंत असलेले लंडनडेरी. वर्षानुवर्षं वाद घालून विकिपीडियाने ठरवलं की शहराच्या लेखाचं नाव डेरी आणि ते ज्या काउंटीत आहे तिचं नाव काउंटी लंडनडेरी. म्हणजे शहर एका पक्षाला, जिल्हा दुसऱ्याला. प्रत्यक्षात एकेका पक्षाच्या तोंडी एकच नाव असतं, पण ज्ञानकोशात दोन्ही सुखाने नांदतात. पोलंडमधल्या ग्डान्स्कसाठी तर २००५ साली रीतसर मतदान झालं. निकाल असा: १३०८ ते १९४५ या काळाविषयी लिहिताना शहराला डान्झिग म्हणावं, त्याच्या आधी आणि नंतर ग्डान्स्क. चरित्रलेखात माणूस स्पष्टपणे जर्मन असेल तर डान्झिग पुढे आणि ग्डान्स्क कंसात; पोलिश असेल तर कंसातलं बाहेर, बाहेरचं कंसात. जो माणूस धड जर्मनही नव्हता आणि धड पोलिशही नव्हता, त्याने त्या शहरात जन्मच घेऊ नये. मुंबईकराला यात नवल वाटणार नाही. त्याची महापालिका इंग्रजीत ‘मुंबई’ असली तरी उच्च न्यायालय इंग्रजीत अजून ‘बॉम्बे’च आहे. शहराचं नाव बदलून पाव शतकावर काळ लोटला. न्यायालयाला घाई नसते.

आपल्याकडचं १८५७ घ्या. इंग्रज त्याला शिपायांचं बंड म्हणाले. सावरकरांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याला स्वातंत्र्यसमर म्हटलं. इंग्रजी विकिपीडियावर ते ‘इंडियन रिबेलियन ऑफ १८५७’ म्हणून बसलं आहे. ‘म्यूटिनी’पेक्षा वरचं, ‘वॉर ऑफ इंडिपेंडन्स’पेक्षा खालचं, आणि दोन्हीकडच्या अभिमानी माणसांना सारखंच नापसंत. विकिपीडियावर याला मतैक्य म्हणतात.

माणसं कोणत्या देशाची, हा यातलाच पोटविभाग. शोपँ पोलिश की फ्रेंच, कोपर्निकस पोलिश की जर्मन, टेस्ला सर्बियन की क्रोएशियन, यावर पिढ्या खर्ची पडल्या. फ्रेडी मर्क्युरीचं पान बघा. जन्म झांझिबारचा, आईवडील पारशी, पाळंमुळं गुजरातेत, कीर्ती लंडनमध्ये. मग तो भारतीय, पर्शियन की ब्रिटिश, यावर इतकी रस्सीखेच झाली की विकिपीडियानेच जमवलेल्या ‘सर्वांत फुटकळ संपादनयुद्धां’च्या यादीत तिला जागा मिळाली. खुद्द फ्रेडी लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच त्याने पहिला बँड जमवला. तरी पाचगणीकरांनी त्याच्यावर अजून दावा लावलेला नाही. सातारा जिल्ह्याच्या संयमाची याहून मोठी नोंद इतिहासात सापडायची नाही. त्याच यादीत आणखी एक रत्न आहे: मांजर पाळणाऱ्या माणसाला तिचा ‘मालक’ म्हणावं, ‘पालक’ म्हणावं की ‘मानवी सोबती’? ज्याच्या घरी मांजर आहे त्याला ठाऊक असतं की यातला एकही शब्द तटस्थ नाही. हे तिन्ही शब्द माणसाला फार वरचा हुद्दा देतात.

सर्वांत जास्त मारामारी कोणत्या विषयांवर होते, हेही संशोधकांनी शोधलं आहे. पुन्हा पुन्हा उलटवलेल्या फेरफारांवरून त्यांनी भाषावार याद्या काढल्या. जर्मनमध्ये पहिला नंबर क्रोएशियाचा, फ्रेंचमध्ये सेगोलेन रॉयाल या राजकारणी बाईंचा, स्पॅनिशमध्ये चिलीचा. इंग्रजीत जॉर्ज डब्ल्यू. बुश पहिले, हे ठीक. पण त्याच पहिल्या दहांत डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीच्या कंपनीतल्या माणसांची यादी आहे, आणि ती येशू ख्रिस्ताच्या वर आहे. जिथे कोण कुणाला पाडणार हे आधीच ठरलेलं असतं, त्या कुस्तीत कोण-कोण नोकरीला आहे यावर माणसं खरीखुरी कुस्ती खेळत होती.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला. महाराष्ट्र दिन साधला, म्हणजे सुरुवातीलाच थोडा पक्षपात झाला. गोवेकरांनी तो पोटात घातला. पण तिथल्या जुन्या मंडळींनी कामकाजाला नावं फार झकास दिली आहेत. सर्वांनी येऊन बोलायच्या पानाला ‘चावडी’. लिहून बघायच्या, पुसून टाकायच्या जागेला ‘धूळपाटी’. अधिकार असलेल्या सदस्याला ‘प्रचालक’. पानाची नासधूस करण्याला ‘उत्पात’. आणि आपोआप दुरुस्त्या करत फिरणाऱ्या संगणकीय प्रणालीला ‘सांगकाम्या’. या सगळ्या गोतावळ्यात खऱ्या अर्थाने तटस्थ असा तो सांगकाम्याच. त्याला जात नाही, जिल्हा नाही, आडनाव नाही. त्याचं कुणाशी वैर झालंच तर दुसऱ्या सांगकाम्याशी होतं.

बाकीच्यांची पंचाईत आहे, कारण तटस्थपणाला आपली भाषाच साथ देत नाही. साधं मरण घ्या. इंग्रजी विकिपीडियाचा नियम असा, की माणूस ‘डाइड’. गोड करून सांगू नका. मराठीत काय लिहाल? ‘मेला’ लिहावं तर नातू भांडायला येतो. ‘वारले’ हे निवृत्त हेडमास्तरांना शोभतं, सम्राट अशोकाला नाही. ‘दुःखद निधन’ म्हटलं की प्रचालक विचारणार, दुःखद कुणाला? संदर्भ हवा. ‘कैलासवासी’ लिहावं तर माणसाचा मृत्यूनंतरचा पत्ता आपण छातीठोकपणे देतो, आणि त्याला दुय्यम स्रोत मिळणं कठीण. तोच माणूस वारकरी निघाला तर पत्ता बदलून वैकुंठ करावा लागतो. संन्यासी असेल तर ब्रह्मलीन, सैनिक असेल तर वीरमरण, आणि पुढारी असेल तर अपरिमित हानी. राहता राहिलं ‘मृत्यू झाला’. ते लिहिलं की कुणीतरी येऊन आधी ‘दुर्दैवी’ घालतो, दुसरा ते काढतो, आणि मृत माणसाच्या पानावर जिवंतपणा येतो.

मग आदरार्थी बहुवचन. न्यूटनने नियम शोधला, पण रामन यांनी परिणाम शोधला. शेक्सपियर लिहितो, कुसुमाग्रज लिहितात. म्हणजे सीमाशुल्क खात्यातून आत येताना परदेशी प्रतिभावंताचं अनेकवचन काढून घेतात की काय? बरं, एकवचन म्हणजे अनादर, असंही नाही. विठोबाला आपण अरे-तुरे करतो, ज्ञानोबा-तुकोबांनाही प्रेमाने एकेरीत हाक मारतो. सचिन शतक ठोकतो. तेंडुलकर राज्यसभेत गेले की ‘ते’ होतात. एकवचन द्वेषाचंही असतं, भक्तीचंही आणि सलगीचंही. उरलेल्या सर्वांना, म्हणजे ज्यांच्याशी आपलं काहीही देणंघेणं नाही अशांना, अनेकवचन. नियम म्हणून सर्वांना सारखंच ‘ते’ लावावं, असं एखाद्या सज्जनाने सुचवलं तर त्याने आधी ‘अफझलखान आले’ असं वाक्य लिहून प्रतापगडाच्या पायथ्याशी मोठ्याने वाचून दाखवावं.

उपाध्या हा पुढचा टप्पा. टिळकांच्या आधी ‘लोकमान्य’, फुल्यांच्या आधी ‘महात्मा’, सावरकरांच्या आधी ‘स्वातंत्र्यवीर’. इंग्रजी विकिपीडिया या सगळ्यांना बाहेर चपला काढायला लावतो आणि नुसत्या नावाने आत घेतो. मराठीत हे करणाऱ्याचं धैर्य मोठं, पण आयुष्य थोडं. ज्याची उपाधी काढली त्याचा अनुयायी येऊन ती पुन्हा लावतो आणि जाता जाता समोरच्या पक्षाच्या महापुरुषाची काढून जातो. दुसऱ्या दिवशी हेच उलट. संध्याकाळपर्यंत दोन्ही महापुरुष उघडे पडतात. सगळ्यांना सारखी वागणूक मिळाल्यामुळे लेख काही तास खरोखर तटस्थ असतो.

इंग्रजी विकिपीडियावरच्या भारतीय जातींच्या पानांवर जाण्याआधी माणसाने घरच्यांचा निरोप घ्यावा. तिथे बहुतेक प्रत्येक जातीला कुणीतरी भल्या पहाटे येऊन राजवंश जोडून देतो, आणि आपली सोडून शेजारची जात हळूच एक पायरी खाली ढकलतो. सूर्यवंश आणि चंद्रवंश या दोन घराण्यांवर इतका ताण आहे, की तिसरा एखादा ग्रह कामाला घ्यावा लागेल. पुराव्यादाखल बहुधा कुठल्यातरी ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहिलेला जुना ग्रंथ येतो. संपादकांनी शेवटी ठरवलं, की जातींच्या बाबतीत इंग्रजी अमदानीतले असले ग्रंथ विश्वासार्ह धरायचे नाहीत, आणि त्या पानांना खास कडक नियम लावले. एरवी इंग्रजांना शिव्या घालणाऱ्या कित्येक देशभक्तांना त्या दिवशी इंग्रजांबद्दल कळवळा दाटून आला.

भांडायचीही तिथे एक रीत आहे. शिवी द्यायची नाही, व्यक्तीवर घसरायचं नाही, आणि ‘समोरच्याचा हेतू चांगला आहे असं गृहीत धरा’ हा नियम पाळायचा. परिणाम असा, की शिव्यांची जागा नियमांनी घेतली. ‘मी आपला हेतू चांगलाच आहे असं गृहीत धरून विचारतो’ असं वाक्य आलं की समजावं, पुढचा माणूस दात-ओठ खातो आहे. एका पानावर चोवीस तासांत तीनदाच दुसऱ्याचा बदल उलटवता येतो. चौथ्यांदा उलटवलं तर बंदी येऊ शकते. म्हणून काही लोक घड्याळ लावून बसतात आणि पंचविसाव्या तासाला चौथ्यांदा उलटवतात. त्यावर नियमाला पुरवणी जोडावी लागली, की घड्याळाचा असा फायदा घेणं हेही युद्धच. काही जण दुसऱ्या नावाने खातं काढून स्वतःलाच पाठिंबा देतात, ‘आपण फार समतोल लिहिलंत’ म्हणतात आणि पहिल्या नावाने स्वतःचे आभार मानतात.

पान ठेवावं की काढावं, यावरही इंग्रजीत दोन पंथ पडले, राखणारे आणि काढणारे. दोन्हींच्या संघटना झाल्या. मग तिसरी निघाली, तिचं नाव मराठीत साधारण असं होईल: ‘लेखांच्या एखाद्या सबंध प्रकाराच्या लायकीवर सरसकट मत देणं ज्यांना आवडत नाही, आणि काही खासच वाईट लेख काढून टाकावेत असं ज्यांना वाटतं, पण म्हणून ते काढणाऱ्या पंथातले आहेत असं मात्र नव्हे, अशा विकिपीडियनांची संघटना’. ही थट्टा आहे की गांभीर्य, हे नावावरून कळत नाही. पण एका नावात बाजू घेतली, सोडली आणि खुलासाही केला, हे तटस्थ लेखनाचं मला माहीत असलेलं सर्वोत्तम उदाहरण.

हल्ली ही भांडणं कोर्टाची पायरी चढू लागली आहेत. एएनआय या वृत्तसंस्थेवरच्या लेखात, तिच्यावर सरकारचा प्रचार केल्याची टीका झाली आहे, असा मजकूर होता. संस्थेने २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. आता विकिपीडियन माणसाचा स्वभाव बघा: दाव्याचं काय होतंय याची वाट न पाहता त्याने त्या दाव्यावरच एक लेख लिहिला, संदर्भांसह. न्यायालयाला ते आवडलं नाही आणि तो लेख काढायचा हुकूम झाला. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. यानंतर त्या लेखात ‘हा लेख काढण्यात आला होता’ अशीही माहिती साहजिकच आली, आणि तीही तटस्थ शब्दांत.

इतकं सगळं होऊन लेख कसे निघतात? बरे निघतात, हेच तर आश्चर्य. ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात २०१९ साली एक अभ्यास आला. राजकीयदृष्ट्या दोन टोकांच्या संपादकांनी मिळून लिहिलेले इंग्रजी लेख, एकाच विचाराच्या किंवा मवाळ मंडळींनी लिहिलेल्या लेखांपेक्षा दर्जाने सरस ठरतात, असं त्यात दिसलं. एकमताची माणसं एकमेकांच्या चुकांवर माना डोलावतात. वैरी मात्र तुमचं वाक्य, तुमच्या आईनेही वाचलं नसेल इतक्या बारकाईने वाचतो. तो विशेषण काढायला लावतो, ‘काही लोक म्हणतात’ला कोण लोक म्हणून विचारतो, तळटीप उघडून पान क्रमांक तपासतो. दोघे दमतात तेव्हा जे वाक्य उरतं त्यात कुणाचाच आनंद नसतो, पण बहुधा खोटंही नसतं.

म्हणून मला मराठी विकिपीडियाची खरी काळजी वाटते ती वेगळ्याच कारणाने. तिथे लेखाच्या डोक्यावर ‘चर्चा’ असं लिहिलेलं असतं, आणि असंख्य लेखांवर तो शब्द लाल असतो. लाल म्हणजे ते पान अजून जन्मालाच आलेलं नाही. एक लेख आहे, तो मराठीत आहे, मराठी माणसं तो वाचतात, आणि कुणाचंही त्यावर काहीच म्हणणं नाही! ज्या महाराष्ट्रात साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून वर्षभर रण माजतं आणि मिसळ कुठली खरी यावरून सोयरिकी मोडायची वेळ येते, तिथे ज्ञानकोशाच्या पानामागे शुकशुकाट. आपल्या तालुक्यावरचा लेख चार ओळींचा, त्यातल्या दोन चुकीच्या. आणि त्या चुकांवरून आपण घरच्या ग्रुपवर तावातावाने भांडतो, जिथे ते भांडण दुसऱ्या दिवशीच्या सुप्रभाताखाली गाडलं जातं.

तेव्हा वाचकहो, भांडायचंच आहे तर तिथे येऊन भांडा. खातं फुकट आहे, चावडी उघडी आहे, धूळपाटीवर हात बसवून घ्या. फक्त येताना पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन वर्ष आणि पान क्रमांक घेऊन या. ‘आमचे आजोबा सांगायचे’ तिथे चालत नाही.